कुणालाही न मारता

पुस्तकाविषयी विद्यार्थ्यांचे मत विचारले की उत्तर बहुधा एका क्रियापदात संपते. 'आवडली', 'भावली', फार तर 'भिडली'. का भिडली, कुठल्या पानावर भिडली, असा पुढचा प्रश्न केला की वर्गात शांतता पसरते. पस्तीस वर्षांच्या अध्यापनात या शांततेची मला सवय झाली आहे. त्यामुळे एखाद्या कृतीविषयी तरुण मुले तासन् तास, पुरावे देत, एकमेकांना खोडत आणि तरीही त्या कृतीवर प्रेम करत बोलत आहेत असे प्रथम ऐकले, तेव्हा मी दारातच थबकलो. ती कृती कादंबरी नव्हती, नाटक नव्हते. 'डीअस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन' नावाचा व्हिडिओ गेम होता.

हा खेळ ऑगस्ट २०११ मध्ये आला. कॅनडातील आयडॉस माँट्रियल या संस्थेने तो केला. माझा भाचा त्याच वर्षी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी जालन्याहून आमच्या सिडकोतल्या घरी राहायला आला होता. त्या वेळचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. संध्याकाळी त्याच्या खोलीत चारपाच मित्र जमत, एकजण खेळे आणि बाकीचे बोलत. त्या बोलण्यासाठी मी खुर्ची ओढून बसू लागलो. खेळण्याचे यंत्र मी आजतागायत हातात धरलेले नाही, तेव्हा या लेखाला श्रोत्याचे टिपण म्हणावे.

गोष्ट थोडक्यात अशी. वर्ष २०२७ (आता ते उंबरठ्यावर येऊन ठेपले आहे). डेट्रॉइट शहरात कृत्रिम अवयव बनवणारी एक बडी कंपनी आहे. तिच्या सुरक्षेची जबाबदारी ॲडम जेन्सन या माजी पोलिसावर आहे. कंपनीवर हल्ला होतो, जेन्सन मरणाच्या दारात पोचतो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे दोन्ही हात काळे, यांत्रिक झालेले असतात. असे अवयव बसवणाऱ्यांना आयुष्यभर एक महागडे औषध घ्यावे लागते, नाहीतर शरीर तो अवयव नाकारते. म्हणजे ज्याने हात दिला त्याच्या मुठीत माणूस जन्मभर राहणार. पुढे कटकारस्थाने, शांघायजवळचे दुमजली शहर, समुद्रातले एक महाकाय केंद्र असा प्रवास आहे. कथानक म्हणून त्यात अपूर्व असे काही नाही. आपल्या मनगटावरचे घड्याळही ज्यांना परके वाटते त्या माझ्या पिढीला ते थोडे अधिक भयंकर वाटेल इतकेच.

या खेळाची खरी ओळख वेगळी आहे. कुठल्याही प्रसंगातून बंदूक चालवत जाता येते, तसेच चोरपावलांनीही जाता येते. पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत खोक्याआड बसावे, संगणकाचे कुलूप फोडावे, एसीच्या डक्टमधून रांगत पलीकडे निघावे. माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी ठरवून टाकले होते की चोरपावलांनीच खेळायचे, आणि कुणालाही मारायचे नाही. एका रात्रीत संपवता येईल तो टप्पा ते चार रात्री खेळत. कुणी दिसले, घंटा वाजली, की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

मराठी मनाला हे नवे नाही असे एखादा म्हणेल. लपतछपत जाण्याला आपण भ्याडपणा मानत नाही, त्याला गनिमी कावा म्हणतो. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण थोडा विचार केला की फरक दिसतो. गनिमी काव्यात अंधार हे साधन असते. गडावर पोचल्यावर कर्णे वाजतात, कापाकापी होते, सकाळी निशाण बदलते आणि सगळ्या मुलखाला ते कळावे अशीच योजना असते. या मुलांना मात्र कळूच द्यायचे नव्हते. पहारेकऱ्याची पाळी संपावी, त्याने घरी जावे आणि आज काहीच घडले नाही असे बायकोला सांगावे, हा त्यांचा विजय. अशा विजयाला आपल्या बखरीत जागा नाही.

त्यांच्या चर्चेतला पहिला मुद्दा ऐकला तेव्हा मी सरसावून बसलो, कारण तो सरळ आमच्या कथनमीमांसेच्या तासाचा होता. या खेळात सारे जग जेन्सनच्या डोळ्यांतून दिसते. भिंतीला पाठ लावून तो लपला की मात्र दृष्टी त्याच्या डोळ्यांतून निघून त्याच्या पाठीमागे, थोडी वर जाऊन थांबते. म्हणजे प्रथमपुरुषी निवेदन चालू असता एकाएकी तृतीयपुरुषी व्हावे तसे. एका मुलाचा याला सक्त विरोध होता. त्याने याच मालिकेतला २००० सालचा मूळ 'डीअस एक्स' खेळला होता. त्याचे म्हणणे, कोपऱ्यापलीकडे पाहायचे तर डोके बाहेर काढण्याचा धोका पत्करला पाहिजे. इथे माणूस भिंतीआड सुरक्षित आणि त्याला पलीकडचा पहारेकरी मात्र दिसतो, ही लबाडी आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की ज्याचे शरीर त्याला न विचारता बदलले गेले त्याची ही गोष्ट आहे. ते काळे हात, तो लांब कोट बाहेरून दिसलाच नाही तर आपण कोण झालो आहोत हे खेळणाऱ्याला कसे कळणार? कथेचे ज्ञान आणि निवेदकाची जोखीम यांचा संबंध मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. 'निवेदकाला जे दिसू शकत नाही ते त्याला दाखवणे ही लबाडी आहे' हे वाक्य मात्र माझ्या एकाही उत्तरपत्रिकेत कधी आले नाही.

दुसरी तक्रार वाटांची. बंद दारासमोर आलो की जवळपास एक खोके असते, ते हलवले की मागे डक्टची जाळी. दर वेळी. 'वाट शोधावी लागत नाही, ठेवलेली असते', असे भाचा म्हणाला. त्याच हिवाळ्यात एका रविवारी आम्ही देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, त्यामुळे इथल्या माणसाला तो पाहुण्यांबरोबरच पाहायची सवय. तासून उभा केलेला कडा, त्याभोवती खंदक, खंदकावर एकच पूल, आणि पुलापलीकडे कातळात खोदलेली ती सुप्रसिद्ध अंधारी. वाटाड्याने पेटती मशाल पुढे धरली, मग मुद्दाम मागे नेली. वटवाघळांचा वास, पायाखाली असमान पायऱ्या, आणि हात लावावा तर कुठे भिंत आहे तर कुठे नाही. उजेड दिसतो म्हणून शत्रू जिकडे वळेल तिकडे खाली खंदक आहे, असे वाटाडे सांगतात. वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर खाली सोडायची सोय होती.

भाच्याने ते सारे लक्षपूर्वक पाहिले आणि परतताना चाँद मिनारजवळ थांबून म्हणाला, "मामा, हे ज्याने बांधले तो पहारेकऱ्याच्या बाजूचा होता. आमचा खेळ ज्यांनी बांधला ते चोराच्या बाजूचे आहेत." मला हे निरीक्षण अजून मोलाचे वाटते. कुठल्याही कृतीची रचना कुणाच्या तरी बाजूने असते, आणि कुणाच्या बाजूने आहे हे वाटेवर कळते, उपदेशात नाही. खेळातली वास्तू आत शिरणाऱ्याचे लाड करते. देवगिरीची वास्तू त्याला एकच वाट देते आणि तीही खोटे बोलते. (इतकी चोख अंधारी असूनही १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीपुढे रामदेवराय यादवांना तह करावा लागला. गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा आहे. मीठ भरणाऱ्याला कुठल्याही डक्टमधून रांगावे लागले नाही.)

तिसरा मुद्दा गुणांचा, आणि तेथे माझे त्यांच्याशी खरे मतभेद झाले. पहारेकऱ्याला ठार करण्यापेक्षा बेशुद्ध केले तर या खेळात अधिक गुण मिळतात. कुणाला न दिसता गेलात तर वेगळे गुण, घंटा न वाजवता गेलात तर आणखी वेगळे. दाराचा सांकेतिक अंक ठाऊक असताना तो न वापरता कुलूप फोडले तरी गुण मिळतात, त्यामुळे चिठ्ठीवर लिहिलेला अंक खिशात ठेवून मुले कुलूप फोडत बसत. ही हास्यास्पद गोष्ट त्यांनाही कळत होती. मी म्हणालो, मग तुमच्या अहिंसेचे काय? तीही याच हिशोबातली. दया केली की दाम मिळतो, तर तिला दया का म्हणावे? आपल्या पुण्यसंचयाच्या कल्पनेवरही हाच आक्षेप घेतला गेला आहे, हेही मी जोडले.

भाचा चिडला नाही. एवढेच म्हणाला की गुण नसते तरी त्याने तेच केले असते. मला ते तपासून पाहता येत नव्हते, त्यालाही नव्हते. त्याचा एक मित्र मात्र म्हणाला की सर, पहारेकऱ्यांचे बोलणे ऐकल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. खोक्याआड पाच-सात मिनिटे दबून बसले की दोन शिपाई आपसात काय बोलतात ते ऐकू येते. कुणाला पगाराची चिंता, कुणाला बदली हवी. जो गोळ्या झाडत येतो त्याच्या वाट्याला हे बोलणे येतच नाही. या विधानाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. ज्याला थांबावे लागते त्यालाच दुसऱ्याचे आयुष्य ऐकू येते, हे कादंबरीच्या बाजूने मी देत आलेले समर्थन होते. ते माझ्यासमोर दुसऱ्याच माध्यमाच्या बाजूने मांडले जात होते.

इथे एका गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. डेट्रॉइटच्या रस्त्यावर लेटिशिया नावाची एक कृष्णवर्णीय बाई जेन्सनला भेटते. कचऱ्याजवळ उभी, खबऱ्याचे काम करणारी, आणि तिच्या तोंडी घातलेली भाषा इतकी ठोकळेबाज, विपरीत, की खेळ बाहेर पडला त्याच वर्षी त्यावर वंशभेदाचा आरोप झाला. खोलीतल्या बहुतेक मुलांना ती नुसती विनोदी वाटली. एकाला वाटली नाही. तो म्हणाला की शहाणी भाषा बोलणारी काळी माणसे एका बाजूला ठेवा आणि ही एकटी बाजूला ठेवा, तरी ज्याने हे संवाद लिहिले त्याने अशा बाईला कधी ऐकले नसणार. ज्या शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, त्या शहरात हे मत उपटसुंभ नाही. दुसऱ्याच्या तोंडी त्याची बोली घालण्याचा अधिकार कुणाला आणि किती, हा प्रश्न इथल्या वाङ्मयीन चर्चेत पन्नास वर्षे धगधगतो आहे. त्या मुलाने 'अस्मितादर्श'चा एकही अंक पाहिलेला नव्हता, तरी प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला होता.

आता त्या खेळावरचा सर्वांत मोठा, जगभर झालेला आक्षेप. चोरपावलांनी कुणालाही न मारता खेळत आलेला माणूस एका बंद दालनात येतो. समोर बॅरेट नावाचा राक्षसी भाडोत्री सैनिक, हातात फिरती बंदूक. दार लागलेले, डक्ट नाही, पाठ फिरत नाही. इथे मारावेच लागते. असे प्रसंग पुढेही येतात. ज्याने सारी कमाई लपण्यात आणि कुलपे फोडण्यात खर्चली, त्याच्याकडे धड बंदूकही नसे. या लढतींचे काम ग्रिप एंटरटेनमेंट या बाहेरच्या संस्थेला दिलेले होते, हे नंतर उघड झाले, आणि मुलांना त्यात सारे उत्तर सापडले. मला सापडले नाही. हात कुणाचाही असो, कृतीने दिलेला शब्द मोडला तो मोडलाच. भाच्याचा शब्द होता 'विश्वासघात'. गंमत अशी की खेळाने आपली अडचण स्वतःच ओळखली होती. कुणालाही न मारणाऱ्यासाठी 'शांततावादी' असे एक पदक होते, आणि त्याच्या अटीतच म्हटले होते की या मोठ्या लढतींतले मरण मोजले जाणार नाही. म्हणजे मारायला लावायचे, आणि ते मारणे नव्हे असेही आपणच सांगायचे. धर्मशास्त्रात आपद्धर्माचे जे प्रकरण असते त्याचीच ही धाकटी भावंडे.

मुलांनी याच्याशी २००० सालच्या मूळ खेळाची तुलना केली. तिथल्या दोन बलाढ्य यांत्रिक शत्रूंना बंदुकीशिवाय संपवता येत असे. त्यांच्या मेंदूत एक गुप्त वाक्य पेरलेले होते, ते उच्चारले की संपले. वाक्याने माणूस मरावा ही कल्पना भाषेच्या शिक्षकाला गुदगुल्या करणारी आहे, हे कबूल. पण मुलांना त्यात मोल वाटत होते ते वेगळ्या कारणाने: ते वाक्य आधी शोधावे लागे.

२०१३ साली 'डायरेक्टर्स कट' म्हणून या खेळाची नवी आवृत्ती आली. त्या दालनांची पुनर्रचना झाली, लपायला वाटा आल्या, संगणक आले, सोबत कर्त्यांचे भाष्यही होते. बॅरेट मात्र तिथेही मरतोच. २०१६ च्या 'मॅनकाइंड डिव्हायडेड'मध्ये शेवटच्या शत्रूला जिवंत ठेवून खेळ पुरा करता येतो. वाचकांच्या अभिप्रायावरून कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत एखादे पात्र वाचल्याचे उदाहरण मला आठवत नाही. तसे व्हावे असेही मला वाटत नाही. पण मत दिले आणि कृती बदलली, हा अनुभव ज्या पिढीने घेतला आहे तिला आपण 'तुमचे मत लिहा' असा दहा गुणांचा प्रश्न घालतो, हे ध्यानात ठेवावे.

आता जो प्रसंग सांगायचा आहे त्याविषयी लिहावे की नाही, यावर मी बराच काळ अडलो होतो.

फरीदा मलिक ही जेन्सनची वैमानिक. प्रत्येक मोहिमेवर तीच त्याला पोचवते. खेळाच्या उत्तरार्धात तिच्या विमानावर हल्ला होतो, ते खाली कोसळते, ती आत अडकते. चहूकडून सशस्त्र शिपाई येऊ लागतात आणि ती जेन्सनला सांगते की तू जा, माझ्यासाठी थांबू नकोस. भाचा गेला. जगभरचे असंख्य खेळाडू असेच गेले, कारण तिचे मरण हा कथेचा भाग आहे अशी त्यांची समजूत झाली. कथेत असे होतेच. कुणीतरी जिवलग मागे राहतो आणि नायक डोळे पुसत पुढे जातो. पुढे एका ठिकाणी तिचा मृतदेह दिसतो. भाच्याने तो पाहिला, काही बोलला नाही. आठवड्याने एका मित्राकडून त्याला कळले की तिला वाचवता येते. थोडा वेळ हाती असतो, शत्रू अनेक, शेवटी एक यंत्रमानवही येतो, पण येते. आणि कुणालाही न मारता येते.

त्याने खेळ पहिल्यापासून सुरू केला. जवळची नोंद पुसली गेली होती, त्यामुळे त्या प्रसंगापर्यंत पोचायला त्याला तीन आठवडे लागले. परीक्षा तोंडावर होती. माझी पत्नी रागावली, मी गप्प राहिलो. त्या प्रसंगावर मग त्याने सलग चार रात्री घालवल्या. बेशुद्ध करणारे बाण मोजायचे, कोण आधी, कोण नंतर ते कागदावर मांडायचे, खाली पडलेला प्रत्येक माणूस श्वास घेतो आहे ना ते पाहायचे. वीज गेली की पुन्हा आरंभ.

त्याचे वडील, माझे मेहुणे, त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. रुग्णालयात आम्ही सगळे होतो. रात्री अकराच्या सुमारास आम्हाला सांगण्यात आले की आता प्रकृती स्थिर आहे, तुम्ही घरी जा, इथे थांबून काही उपयोग नाही. मेहुण्यांनीही हाताने खूण केली की जा. आम्ही गेलो. पहाटे निरोप आला. थांबलो असतो तर काही बदलले असते असे वैद्यकीय दृष्ट्या कुणी म्हणालेले नाही.

भाच्याने या दोन गोष्टी एकमेकांना कधीही जोडल्या नाहीत, आणि मी जोडतो आहे तोही केवळ माझा अन्वय आहे. त्याच्या लेखी तो एक अवघड प्रसंग होता आणि तो त्याला नीट पार पाडायचा होता. पण त्या चार रात्रींनी माझ्यापुढे एक वाङ्मयीन प्रश्न उभा केला, तो अजून सुटलेला नाही. शोकात्मिका आम्ही अटळतेवर उभी करतो. कर्णाचे चाक रुतणारच, म्हणून आपण रडतो. पण जिथे मरण टाळता येते हे नंतर कळते, तिथे आधीच्या दुःखाचे काय होते? ते खोटे ठरते का? एक मुलगा म्हणाला, हो, कारण वाचवता येते हे कळल्यावर पहिल्या वेळचे तिचे मरण ही फक्त खेळणाऱ्याची चूक उरते, नियती उरत नाही. भाच्याचे मत उलटे होते. तो म्हणाला की नियती आहे असे वाटणे, हीच तर त्या प्रसंगाची खरी परीक्षा आहे. ती 'जा' म्हणते तेव्हा खेळ काही सुचवत नाही, थांबण्याची कळ दाखवत नाही. खेळाच्या आरंभीही असेच आहे: ओलिसांची बातमी आल्यावर तुम्ही कंपनीच्या कचेरीत खोल्या धुंडाळत रेंगाळलात, तर पोचेपर्यंत ओलीस मेलेले असतात. बाकी साऱ्या खेळात वेळ तुमच्यासाठी थांबतो, इथे थांबत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. त्याला हा खेळातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटत होता. ज्या कर्त्यांनी बॅरेटच्या दालनात शब्द मोडला, त्यांनीच हेही लिहिले होते, हे तो मान्य करत असे. कृतीविषयी असे दुहेरी, तरीही न गोंधळलेले मत देता येणे हे मला पदव्युत्तर वर्गाकडूनही क्वचितच मिळाले आहे.

चौथ्या रात्री मलिक वाचली. विमान उडाले. तो खाली गेला, एक पेला पाणी प्याला आणि झोपला.

शेवटाविषयी बहुतेकांचे मत वाईट होते, आणि ते रास्त आहे. समुद्रातल्या त्या केंद्रात एका संकेतामुळे वेडी झालेली सामान्य माणसे अंगावर धावून येतात. त्यांतले कुणी मरणार नाही अशा बेताने शांततावादी खेळणारा जीव मुठीत धरून पुढे जातो. मग एका दालनात निवड करायची असते. कुठली कळ दाबाल त्यावर चारपैकी एक शेवट आणि जेन्सनचे एक स्वगत. बहुतेकांनी चारही कळा आळीपाळीने दाबून पाहिल्या. 'मग इतके दिवस आम्ही जे केले त्याचे काय', असे एकजण वैतागून म्हणाला. चौथी कळ दाबली तर जेन्सन स्वतःसकट ते सारे केंद्र समुद्रात बुडवतो, म्हणजे पुढचा निर्णय माणसांनी आपला आपण घ्यावा. भाच्याने शेवटी तीच आपली मानली. ज्यांना वाचवत तो तिथवर आला ती सारी वेडी माणसे त्यात बुडाली. पडदा काळा झाला, नावे सरकू लागली, आणि कोपऱ्यात 'शांततावादी' हे पदक उमटले. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही बराच वेळ हसत होतो, तेवढ्यात जेवायला बोलावणे आले.